दहा मिनिटांचं औषध

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 2007 साली वॅगन आर घेतली तेव्हा ग्लोव्ह बॉक्समध्ये एक लाल पुठ्ठ्याची डायरी ठेवली. त्यात पेट्रोल नाही, टोल नाही, फक्त इंजिन ऑइल. तारीख, किलोमीटर, किती लिटर, फिल्टर बदलला की नाही. आण्णा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत होते, कामासाठी पुणे-बेळगाव सारखं चालायचं. दर पाच हजार किलोमीटरला एक ओळ, आठ वर्षांत एकदाही चुकलेली नाही. 2015 मध्ये 1,32,000 वर गाडी माझ्याकडे आली आणि पुढची पानं विरळ झाली. माझ्या नऊ वर्षांत सगळ्या मिळून पाच नोंदी, त्यातल्या दोन नुसत्या 'सर्व्हिस केली' अशा.

मला वाटायचं, मी गाडी चालवतेच किती? राजारामपुरीतून ताराबाई पार्कातली शाळा, जेमतेम तीन किलोमीटर. बाकीचं इकडे-तिकडे धरून वर्षाला चार-पाच हजार. म्हणजे दोन वर्षांनी ऑइल बदललं तरी हिशेबात बसतं. गाडीच्या पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात आणि 'जे आधी होईल ते' असंही लिहिलेलं असतं, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. खरं सांगायचं तर गेलं होतं, पण ते कंपनीवाल्यांचं धंद्याचं गणित वाटलं होतं.

2022 मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून आणली. तोवर तक्रार नव्हती. जानेवारी 2024 मध्ये सकाळी गाडी चालू केली की टकटक यायला लागली. शिलाईचं मशीन रिकामं चालवल्यावर येतो तसा आवाज. अर्ध्या मिनिटाने थांबायचा. पुढे एक मिनिट, मग दीड. शिवाय ऑइलची काडी दर महिन्याला थोडी खाली. खाली फरशीवर तेलाचा डाग नाही, मग जातंय कुठे?

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे आण्णा जायचे त्यांच्याकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. झाकणाच्या आत चहाच्या सायीसारखा पिवळट थर. त्यांनी बोटाने खरवडला तर खालचा थर काळा, चिकट, बुटाच्या पॉलिशसारखा.

"ताई, गाडी लई कमी चालती का?"

"हो. शाळा आणि घर."

"मग झालं की. हे इंजिन कधी तापलंच न्हाई नीट."

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते मला सायन्सची शिक्षिका असून सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. पेट्रोल जळलं की पाणी होतं. एक लिटर जाळलं तर जवळपास लिटरभरच. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण पिस्टनच्या रिंगांमधून निसटून काही वाफ आणि न जळलेलं पेट्रोल खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरतं. इंजिन अर्धा-पाऊण तास चांगलं तापलं की हे सगळं उडून पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून परत खेचलं जातं आणि जळतं. तीन किलोमीटरमध्ये तेवढं तापतच नाही. पाणी तेलात मिसळतं, साय धरते. त्यात काजळी, आम्ल, जुनं थकलेलं ऑइल. ऑइलमध्ये घाण धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्यं असतात, पण ती संपतात. ती संपल्यावर घाण तेलात तरंगत राहत नाही, जागा मिळेल तिथे बसते. आणि कोल्हापूरचा पावसाळा तर तुम्हाला माहीतच आहे, चार महिने हवेतच पाणी.

आण्णांनी 1,32,000 किलोमीटर पळवलेलं इंजिन स्वच्छ होतं. मी 42,000 मध्ये त्याचा उकिरडा केला होता.

मिस्त्रींनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन किती दाब धरतो ते, मोजलं. 150, 155, 150, 140 पीएसआय. "इंजिन चांगलं हाय. रिंगा पार घासल्या असत्या तर आकडे लई खाली दिसले असते. घाणीनं जाम झाल्यात." मग टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या आजूबाजूच्या खळग्यांत काळी पेस्ट साठलेली, तेल परत खाली जायची भोकं निम्मी बुजलेली. पण कॅमचे उंचवटे गुळगुळीत होते, घासल्याच्या खुणा नव्हत्या. ते बघून मिस्त्रींचा चेहरा जरा सैल झाला.

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, चेंबर खाली उतरवायचा, हाताने सगळं साफ करायचं, वरचंही साफ करायचं. दोन दिवस गाडी उभी आणि मजुरी. दुसरा, फ्लश, म्हणजे आतली घाण धुऊन काढणारं औषध. दुकानातून डबा आणायचा, जुन्या ऑइलमध्ये ओतायचा, दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची, गरम गरम सगळं खाली सोडायचं.

"तुम्ही काय कराल?"

"माझी गाडी असती तर चेंबर उघडला असता."

मी फ्लश म्हणाले. परीक्षेचे दिवस होते, दोन दिवस गाडी द्यायची नव्हती, आणि डब्याची किंमत मजुरीपुढे काहीच नव्हती. दहा मिनिटांत सुटणारं दुखणं कोणाला नको असतं?

मिस्त्रींनी हो म्हटलं, पण लगेच ओतू दिलं नाही. त्यांच्या उस्तादांच्या काळात फ्लश म्हणजे लिटरभर डिझेल किंवा रॉकेल ओतायचं. घाण सुटायची, पण लगद्यासारखी एकदम सुटायची, आणि तेल इतकं पातळ व्हायचं की बेअरिंगवर थरच राहायचा नाही. त्यांनी तशी दोन इंजिनं बसलेली बघितली होती. म्हणून आता त्यांची पद्धत वेगळी. आधी जुनं ऑइल काढून ट्रकचं 15डब्ल्यू-40 भरायचं. डिझेल इंजिनात काजळी फार, म्हणून त्या ऑइलमध्ये घाण सोडवणारी आणि धरून ठेवणारी द्रव्यं जास्त. डब्यावर सीआय-4 प्लस ही डिझेलची प्रत आणि त्याच्यापुढे तिरकी रेघ मारून एसएल ही पेट्रोलची प्रत लिहिलेली बघून घ्यायची, म्हणजे पेट्रोल गाडीलाही चालतं. ते हजार किलोमीटर फिरवायचं. मग फ्लश.

"आणि ताई, हजार किलोमीटर शाळेला जाऊन करू नका. सलग चालवा."

नुसत्या शाळेच्या हिशेबाने हजार किलोमीटरला सहा-सात महिने लागले असते. म्हणून फेब्रुवारीत दर शनिवार-रविवार मी आणि आण्णा बाहेर. पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी, राधानगरी, एकदा उगाच कराडपर्यंत जाऊन परत. आण्णा शेजारच्या सीटवर बसून इंजिन ऐकायचे. गेल्या दहा वर्षांत आम्ही दोघं एवढे फिरलो नव्हतो. राधानगरीहून येताना त्यांनी डायरी काढून चाळली, माझ्या पानांवर आले, काही बोलले नाहीत, परत ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

हजाराच्या आतच काडीवरचं नवं ऑइल डांबरासारखं काळं झालं. एरवी मी घाबरले असते, पण मिस्त्री म्हणाले काळं होणं हे त्याचं कामच आहे. असल्या घाण झालेल्या इंजिनात पहिल्या महिन्यात पिवळंधमक राहिलेलं ऑइल काही धुतच नसतं. सकाळची टकटक दीड मिनिटावरून चाळीस सेकंदांवर आली होती. औषध अजून पोटात गेलंही नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डबा आणला. 300 मिलीचा, पाच लिटर तेलापर्यंत पुरतो असं त्यावर लिहिलेलं. माझ्या गाडीत साडेतीन लिटर बसतं, म्हणून मिस्त्रींनी पूर्ण ओतला नाही, मापाने दोनशेच्या जरा वर घातला. उघडल्यावर रॉकेलचा वास आला. बरोबरच आहे, अशा झटपट फ्लशमध्ये मुख्य भाग पातळ पेट्रोलियम द्रावकाचा असतो, त्यात घाण सोडवणारी द्रव्यं मिसळलेली. दुसऱ्या जातीचं औषध असतं, ते ऑइलमध्येच ठेवून काही शे किलोमीटर चालवायचं, हळूहळू काम करतं. माझ्यासारख्या घाणीला खरं तर तेच बरं, हे मला नंतर कळलं. तोवर झटपटचा डबा रिकामा झाला होता.

गाडी आधी उद्यमनगरातून शिये फाट्यापर्यंत नेऊन तापवून आणली. मग बंद करून औषध ओतलं, चालू केली. मिस्त्रींचा नियम कडक: अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, गिअर टाकायचा नाही, मीटरवरच्या लाल ऑइलच्या दिव्यावर नजर. पातळ झालेल्या तेलावर इंजिनाकडून काम करून घ्यायचं नाही, एवढंच त्यामागचं कारण. मोबाइलवर वेळ लावला. पहिली चार मिनिटं काहीच नाही. पाचव्याला इंजिनाचा आवाज जरा कोरडा झाला, मला तरी वाटला. मी मिस्त्रींकडे बघितलं, ते चहा पीत होते. त्यांच्या पोरानं माझ्याकडे बघून हसून घेतलं. दहा मिनिटं झाली, बंद.

ड्रेन नट सोडला आणि काळं पाणी धो धो आलं. खरंच पाणी वाटावं इतकं पातळ. मी घरून चहाची जुनी गाळणी नेली होती (आई अजून विचारते कुठे गेली). धारेखाली धरली तर गाळणीत कोळशाच्या चुऱ्यासारखे कण राहिले, काही नखाएवढे. "अर्धा तास सोडा तसंच. थेंब थेंब येतंय तेच खरं," मिस्त्री म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. ते थेंब महत्त्वाचे, कारण मागे राहिलेलं पातळ औषध नव्या ऑइलमध्ये मिसळून त्यालाही पातळ करतं.

फिल्टर काढून त्यांनी हॅकसॉने कापून दाखवला. आतला पिवळा कागद घड्यांमध्ये काळा, चिकट. फ्लशनंतर फिल्टर न बदलणारे लोक असतात म्हणे. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तसंच इंजिनात फिरतं, म्हणजे सोडवलेली घाण पुन्हा बेअरिंगवर. कापलेल्या कागदात धातूची चमक दिसते का ते मिस्त्रींनी उन्हात धरून बघितलं. नव्हती. खाली सोडलेलं ऑइल त्यांच्या पिंपात गेलं, ते रीतसर गोळा करणारा माणूस घेऊन जातो. पूर्वी गल्लीत सगळे गटारीत सोडायचे, तिथून जयंती नाला, तिथून पंचगंगा.

नवं ऑइल, नवा फिल्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केली, आणि टकटक नाही. दोन सेकंद काहीतरी वाजलं आणि गप्प. मी पार्किंगमध्ये गाडी बंद करून परत चालू केली, खात्री करायला. शाळेत स्टाफरूमला चार जणींना सांगितलं. एकीने डब्याचं नाव लिहून घेतलं.

मे महिन्यात सावंतवाडीला लग्न होतं. परत येताना आंबोली घाट चढला, दुपारचं ऊन, एसी चालू, चार माणसं आणि आंब्याच्या तीन पेट्या. आजऱ्यात स्टँडजवळ गर्दीत थांबलो, आणि मीटरवर लाल दिवा लुकलुकला. जरा रेज केलं की विझायचा, सोडलं की पुन्हा. आण्णा मागून ओरडले, "बंद कर! आधी बंद कर!"

काडी काढून बघितली. ऑइल भरपूर. म्हणून मी म्हणाले दिवाच बिघडला असणार. आण्णांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, दाब किती आहे ते सांगतो. दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेला की लागतो. टाकीत पाणी भरलेलं असलं म्हणून नळाला येतंच असं नाही. झाडाखाली तासभर थांबलो, इंजिन निवलं, मग एसी बंद करून, सावकाश, गडहिंग्लजवरून कोल्हापूरला आलो. तसंही चालवायला नको होती असं मिस्त्री नंतर म्हणाले. टो करून आणायला हवी होती. ते खरं आहे आणि माझं नशीब चांगलं होतं.

मिस्त्रींनी दिव्याचं स्विच काढून त्याजागी दाब मोजायचा काट्याचा गेज लावला. गरम इंजिन, जागेवर चालू: 6 पीएसआय, म्हणजे अर्ध्या बारच्याही खाली. त्यांनी काही न बोलता जॅक लावला. चेंबर उतरवायचा होताच, फक्त दोन महिने उशिरा आणि माझ्या लाजेसकट.

चेंबर खाली आला तेव्हा तळाला दोन बोटं गाळ होता. पण बघण्यासारखी होती ती जाळी. ऑइल पंप ज्या जाळीतून तेल ओढतो तिच्यावर काळ्या पापुद्र्यांची चटई बसलेली, साधारण दोन तृतीयांश भोकं बंद. वरून, टॅपेट कव्हरखालून, भिंतींवरून फ्लशने जे सोडवलं ते सगळं दहा मिनिटांत ड्रेन नटातून बाहेर पडलं नव्हतं. पातळ झालेला भाग पडला. पापुद्रे अर्धवट सुटून लोंबत राहिले आणि पुढच्या दोन महिन्यांत नव्या, ताकदीच्या ऑइलने ते एकेक करून खाली आणले. फिल्टर पंपाच्या पुढे असतो, जाळी पंपाच्या आधी. फिल्टर तुंबला तर बायपास आहे. जाळीला तसा काही आडमार्ग नाही. पंपाला ओढायला तेलच मिळत नाही आणि इंजिन कोरडं पडतं.

डब्यातलं औषध खोटं नव्हतं. जेवढं लिहिलं होतं तेवढं त्याने केलं, उलट जरा जास्तच केलं. सुटलेली घाण कुठे जाणार, हा प्रश्न माझा होता आणि मी तो विचारला नव्हता. झाकणाखाली नुसता तपकिरी रंग दिसत असेल, हाताला काही लागत नसेल, तर असल्या फ्लशने मला वाटतं काही बिघडत नाही, फायदाच होतो. बोटाला पेस्ट लागत असेल तर आधी चेंबर उतरवून जाळी बघायची, गाळ हाताने काढायचा, मग हवं तर औषध. मी उलट्या क्रमाने केलं आणि दोन्हींचे पैसे भरले.

जाळी धुऊन, चेंबर घासून, सांध्याला तेल न गळण्यासाठीची पेस्ट लावून परत बसवला. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून बघितला तर तो खुळखुळायला हवा, तो गप्प होता. घाणीने चिकटलेला. तोच चिकटलेला असेल तर आतली वाफ बाहेर जाणार कशी? एवढा स्वस्त भाग, आणि जानेवारीत आमच्या कोणाच्या डोक्यात तो आला नव्हता, मिस्त्रींच्याही. त्यांनी ते मोकळेपणी कबूल केलं. नवा टाकला. गेज लावला: गरम इंजिन, जागेवर 18 पीएसआय. रेज केल्यावर काटा सरळ वर.

आता पुढची गोष्ट, जी डब्यावर लिहिलेली नसते. ऑइल खाणं कमी झालं. आधी बाराशे किलोमीटरला लिटरभर घालावं लागायचं, आता तेवढंच दोन-अडीच हजाराला. तेल खरवडणाऱ्या रिंगांची भोकं मोकळी झाली असावीत असा मिस्त्रींचा अंदाज. पण रात्रभर उभी राहून सकाळी चालू केली की निळसर धुराची एक फुंकर अजून येते. ते व्हॉल्व्हच्या सीलचं काम, रबर कडक झालंय, कुठल्याही औषधाने ते पुन्हा मऊ होईल यावर माझा आता विश्वास नाही. आणि एक नवीनच सुरू झालं: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल पाझरायला लागलं. जुन्या सीलच्या फटी घाणीनेच बुजलेल्या होत्या. घाण गेली, फट उघडी पडली.

"हे सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागंल," मिस्त्री म्हणाले. "दिवसाला एक थेंब हाय. बघा काय करायचं."

डायरीत आता चार महिन्यांनी एक ओळ पडते, किलोमीटर कितीही झालेले असोत. आण्णा लिहितात, कारण माझं अक्षर त्यांना लागत नाही. मिक्सरच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापून आम्ही पार्किंगमध्ये गाडीखाली ठेवलाय. आण्णा रोज सकाळी फिरून आले की काठीने तो पुढे ओढतात, थेंब मोजतात आणि परत सारतात. काल दोन होते.